भंडारा उचलून घेतलेलं नाव

आपण खोटं बोललो असं मला कधी वाटलंच नव्हतं, हीच माझी खरी अडचण होती. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण काय केलं ते ठाऊक असतं. मी मात्र देवासमोर उभा राहून, हातात भंडारा घेऊन जे बोललो, ते मला बोलता बोलताच खरं वाटायला लागलं. पुढे वर्षभर मी ते खरं धरून चाललो. रोज अंघोळ, रोज हरिपाठ, रोज कपाळाला बुक्का, आणि मनाच्या तळाशी कुठेतरी एक खडा रुतून बसलेला. आज लिहायला बसलो तो कुणाला काही पटवून द्यायला नाही. माझ्या बाबतीत घडलं ते घडलं तसं सांगावं, एवढाच हेतू आहे.

आमचं गाव साखऱ्याच्या बाजूला. कोरडवाहू शेती; सोयाबीन, तूर, थोडा कापूस. मी तरुणपणीच गळ्यात माळ घातली, आणि गावातल्या खंडोबाच्या देवळात श्रावणाची पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर सकाळी वाचायचं, अर्थ सांगायचा. त्यामुळे गावात माझ्या शब्दाला मान होता. दोघांचं बांधावरून वाजलं की लोक म्हणत, "दादाला इचारा, दादा माळकरी हाय, दादा खोटं बोलणार न्हाई." मला ते ऐकून सुख वाटायचं. त्याला अभिमान म्हणायला मी धजत नव्हतो, पण तो अभिमानच होता.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता. माझा धाकटा भाऊ दिगंबर यानं सोयाबीन कापून वावरात सुडी रचून ठेवली होती. मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. संध्याकाळी मी माझ्या वावरातून घराकडे निघालो. दिवस बुडालेला, पण उजेड अजून पुरता गेलेला नव्हता. दिगंबरच्या शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एक माणूस नाल्याकडे भराभरा जाताना मला दिसला. अंगावर घोंगडी होती. तोंड दिसलं नाही. मी घरी पोचून पाय धुतले, तोवर आरडाओरड ऐकू आली. दिगंबरची सुडी पेटली होती.

सगळं गाव बादल्या घेऊन धावलं, पण वाळलेलं सोयाबीन कुठे थांबतं? आम्ही पोचलो तेव्हा नुसता धग मारणारा ढीग उरला होता. दिगंबर त्याच्यापुढे मटकन बसला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झालेले. मला बघून तो म्हणाला, "दादा, तुमी तर त्याच वाटेनं येऊन राहिले होते. कोन दिसलं तुमाला?"

मी म्हणालो, "कोनीतरी होतं. घोंगडी होती अंगावर."

मागून कुणीतरी एकच शब्द उच्चारला, "पिराजी."

पिराजी आमच्या गावचाच मेंढपाळ. आठ दिवसांपूर्वी त्याची मेंढरं दिगंबरच्या तुरीत शिरली होती. दिगंबरनं एका मेंढीला काठी मारून लंगडी केली, तेव्हा पिराजी एवढंच म्हणाला होता, "देव बघून राहिला." ती गोष्ट गावभर झाली होती, आणि आता त्या तीन शब्दांना धमकीचा वास यायला लागला. "पिराजी" हे नाव ऐकून मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मी गप्प राहिलो. सकाळ होईपर्यंत माझ्या त्या गप्प राहण्याचं होकारात रूपांतर झालं होतं. पाण्याला गेलेल्या बायासुद्धा बोलत होत्या की दादानं डोळ्यानं पाहिलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. देवस्थानचं सगळं बघणारे आबा गावातले वयानं मोठे. ते म्हणाले, "दादा, गरिबाचं नाव घ्यायचं हाय. तू भंडारा उचल आन सांग. मंग ठाण्यात जाऊ." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी मला सावध केलं होतं, हे मला आज कळतं. मी पुढे झालो, ताटातला भंडारा मुठीत घेतला. समोर देव होता, बाजूला दिगंबर. त्याच्या डोळ्यांत रात्रभराचा धूर होता. तो माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर मीच त्याला वाढवलं. त्याच्याकडे बघून मी म्हणालो, "पिराजी होता."

त्याच दुपारी ठाण्यात जाऊन मी तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

पिराजीला नेलं. काही दिवसांनी तो जामिनावर सुटून आला, पण तोवर गावानं त्याच्या मेंढरांना रान बंद केलं होतं. कुणी ठराव केला नाही, दवंडी दिली नाही. ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर बाभळीच्या काट्या पडल्या, एवढंच. तो, त्याची बायको धुरपता आणि त्याची म्हातारी आई, तिघं गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे पाल टाकून राहू लागली. देवळात येऊ नका असं त्यांना कुणी म्हणालं नाही. पण ती येईनाशी झाली. आणि उन्हाळ्यात पिराजीची आई त्या पालातच गेली. शेवटचे दोन दिवस ती खंडोबाच्या पायरीला डोकं टेकवायचं म्हणत होती, असं कानावर आलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. पण उठून गेलोही नाही.

तेव्हापासून माझी झोप उडाली. मी डोळे मिटून ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवू लागलो. धुरा, नाला, घोंगडी. आणि भीतीची गोष्ट अशी की आता आठवणीतल्या त्या माणसाला तोंड आलं होतं. तो वळून बघायचा आणि तो पिराजी असायचा. मी स्वतःला म्हणायचो, बघ, तोच होता. पण मग उठून बसायचो, कारण तो माणूस वळला नव्हता हे मला पक्कं माहीत होतं. श्रावणात पोथी वाचताना सत्याचा कुठला प्रसंग आला की माझा आवाज बसायचा. लोकांना वाटायचं दादाला भक्तीनं गहिवर आला. दोघी-तिघी बाया डोळे पुसायच्या. मला वाटायचं पोथी मिटून पळून जावं.

देवाला मी रोज एकच मागायचो, यातून मला सोडव. कसं सोडव, ते मात्र म्हणायचो नाही. दिवाळीनंतर कोर्टाचं समन्स आलं. चंपाषष्ठी झाल्यावर चौथ्या दिवशी सेनगावला साक्ष. दिगंबर स्वतः कागद घेऊन आला. "दादा, आता एकदा बोलून टाकलं की झालं," तो म्हणाला. मी मान हलवली.

त्याच आठवड्यात मी आखाडा बाळापूरला लेकीला भेटून परत येत होतो. एसटी, मग जीप, आणि फाट्यावर उतरून पुढे पायी. सूर्य नुकताच गेला होता. चालताना पाय आपोआप पडत होते, डोक्यात कोर्ट होतं. तेवढ्यात डाव्या हाताच्या धुऱ्यावर मला पिराजी दिसला. अंगावर घोंगडी, खांदे थोडे पुढे झुकलेले, तीच भराभर चाल. म्हटलं, हा माणूस आत्ता मला एकट्याला गाठणार. पण त्याच क्षणी, मला अजूनही कळत नाही कसं, माझ्या तोंडून हाक गेली, "पिराजी! थांब रे!"

तो थांबला आणि वळला.

तो पिराजी नव्हता. पांढरी दाढी असलेला एक म्हातारा होता, मी त्याला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे येऊन म्हणाला, "कोनाला हाक मारून राहिले बापू?"

मी म्हणालो, "चुकलं. मला वाटलं आमच्या गावचा पिराजी हाय."

"दिसते काय मी तसा?"

"दुरून तसेच दिसले तुमी."

म्हातारा हसला. दात फार नव्हते. "दुरून कोनी बी कोनासारखं दिसते. जवळ यावं लागते बापू, मंग कळते." माझ्याकडे निरखून बघत त्यानं विचारलं, "काय तकलीफ हाय का? तोंड उतरलं तुमचं." त्यानं कमरेची बाटली काढून मला पाणी दिलं. मी दोन घोट घेतले. "मेंढरं म्होरं गेली माझी," असं म्हणून तो धुऱ्यानं निघून गेला.

मी उभा होतो तिथून तो धुरा किती लांब, ते मी नजरेनं मोजलं. त्या संध्याकाळी होता त्याच्या निम्म्यानंही नव्हता. उजेड तेवढाच, घोंगडी तशीच. आणि या खेपेला, इतक्या जवळून, हा पिराजीच आहे अशी माझी शंभर टक्के खात्री होती. कुणी त्या घटकेला माझ्या हातात भंडारा दिला असता तर मी बिनदिक्कत उचलला असता. मी तिथेच मातीत बसलो. वर्षभर ज्याला मी पाहणं म्हणत होतो ते पाहणं नव्हतंच. माणूस दिसला होता. त्याला नाव मी घातलं होतं.

पुढे मी एक-दोघांना विचारलं, इकडे कुणाचा कळप उतरलाय का. कुणाला काही माहीत नव्हतं. उतरलाही असेल, मेंढपाळ काय, आज इथे उद्या तिथे. मी त्याचा जास्त शोध घेतला नाही. तो कोण होता हे मला ठरवायचं नाही. न पाहिलेल्याचं नाव घेण्याची खोड मला एकदा महागात पडली आहे. पाठवणाऱ्यानं पाठवला, एवढं माझं मन म्हणतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला त्याच दिवशी वाटलं होतं. तुमी घरी आले तवा म्हनले होते, कोनीतरी गेलं नाल्याकडं. पिराजीचं नाव तुमच्या तोंडात नव्हतं."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"तुमच्या गळ्यात माळ व्हती. मी काय बोलू?"

त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं पुढे गावाच्या शिव्यांनीही लागलं नाही.

आधी दिगंबरला सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो. ऐकता ऐकता त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "मंग आग कोनी लावली?" त्यानं विचारलं.

"मला ठाऊक न्हाई."

"पिराजीनं न्हाई लावली म्हंता?"

"ते बी मला ठाऊक न्हाई, दिगा. लावली असंल, नसंल. मी पाहिलं न्हाई, एवढंच मला ठाऊक हाय."

तो मग उठला. "कोर्टात हे बोलले तर तुमी माझे भाऊ न्हाई," असं म्हणून आत गेला आणि दार लावून घेतलं. भर सकाळी, माझ्या तोंडावर. मी त्या बंद दारासमोर उभा राहिलो आणि वाटलं, कशाला हे सगळं? कोर्टात जाऊन नीट आठवत नाही म्हणावं, वकील सांभाळून घेतील, गावात बोलायची गरजच नाही. ही पळवाट चांगली मोठी होती. दोन दिवस मी तिच्या तोंडाशी घुटमळलो. पण नाव मी कोर्टात पहिल्यांदा घेतलं नव्हतं. देवळात घेतलं होतं, सगळ्यांसमोर. जिथे घेतलं तिथेच ते परत घ्यायला हवं होतं.

चंपाषष्ठीला देऊळ भरलं होतं. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, सगळीकडे पिवळा भंडारा. आरती झाली, तळी उचलायची तयारी चालली होती. मी उठलो आणि आबांच्या हातातला माईक मागितला. त्यांना वाटलं मी दोन शब्द बोलणार, दर वर्षी बोलतो तसे. त्यांनी दिला.

माईक दातांवर आपटला. त्या क्षणी मी देवाला म्हणालो, मला सोडव असं आता म्हणत नाही. हे एक वाक्य पुरं होऊ दे, मग तुझी मर्जी. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्याच्याकडे सुटका मागितली नव्हती.

"मंडळी," मी म्हणालो, "गेल्या साली ह्याच जागेवर भंडारा उचलून मी पिराजीचं नाव घेतलं. मी पिराजीला पाहिलं नव्हतं. एक घोंगडीवाला माणूस पाठमोरा पाहिला होता. नाव मी मनानं घातलं. ते मी आज मागं घेऊन राहिलो."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका उठला. "फितूर झाला!" कुणीतरी ओरडलं. "पिराजीनं काय दिलं?" असंही कुणी म्हणालं. माईक बंद पडला, की कुणी केला, मी पाहिलं नाही. मागून धक्का बसला, टोपी खाली पडली. मी बोलत होतो पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. तेवढ्यात बायांच्या बाजूनं माझी बायको उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चार माणसांत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती डोक्यावरचा पदर धरून मोठ्यानं म्हणाली, "बोला तुमी. आमी बाया ऐकून राहिलो. बोला!"

गलका थांबला. बायांच्या बाजूला कुणी हलेना.

आबा माझ्याजवळ आले. हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भंडारा उचलून बोलला होतास तू."

"व्हय आबा. म्हनून हितंच उभं राहून मागं घेतो. देवाचं नाव घेऊन मी एका माणसाला गावाबाहेर काढलं. त्याची माय पालात मेली. त्याची जी काय सजा देव देईल ती माझी. पोथी आता मी वाचणार न्हाई. चार दिवसांनी कोर्टात बी हेच सांगणार."

खांबाला टेकून दिगंबर उभा होता. तो माझ्याकडे न बघता बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी बरेच गेले. त्या वर्षी तळी उचलायला आठ-दहा माणसंच उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको ओढा ओलांडून पिराजीच्या पालावर गेलो. तो एका मेंढीचा खूर साफ करत बसला होता. गावातलं त्याला कळलं होतं. त्यानं मान वर केली नाही. मी हात जोडून सगळं पुन्हा सांगितलं. तो खूर साफ करतच राहिला. शेवटी म्हणाला, "दादा, माझ्यापुढं बोलून काय व्हणार? मला तर पैल्या दिवसापासून ठाऊक हाय म्या व्हतो का न्हाई. कोर्टात बोला."

धुरपता चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आमच्या म्हातारीला कळलं न्हाई हे. तिला कळाया पायजे व्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. आम्ही उभ्याउभ्याच परतलो.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला फितूर म्हणून जाहीर केलं. पोलिसांना दिलेला जबाब खोटा होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माणूस दिसला हे खरं साहेब, नाव खोटं." याचे परिणाम तुमच्यावरही होऊ शकतात, असं न्यायाधीशांनी समजावलं. मी हो म्हणालो. गळ्यातली माळ त्या वेळी हाताला लागली आणि तिचं ओझं वाटलं नाही. पुढे काही महिन्यांनी पुराव्याअभावी पिराजी सुटला. आग कुणी लावली, की कुणाची विडी पडली, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

दिगंबर माझ्याशी बोलत नाही. पोथी आता गावातला एक तरुण शिक्षक वाचतो. मी पायरीजवळ, चपला काढतात तिथे बसून ऐकतो. त्याचा आवाज साधा आहे, पण इतकी वर्षं मी वाचताना जे मला ऐकू आलं नव्हतं ते आता ऐकू येतं. देवानं माझ्याकडून काही काढून घेतलं असं मला वाटत नाही. त्या एका संध्याकाळी धुऱ्यावर कुणाला तरी पाठवून, आणि भर देवळात माझ्या बायकोला उभं करून, त्यानं मला बुडता बुडता धरलं. माझ्या हुशारीनं यातलं काहीच झालं नाही. मी फक्त शेवटी अडून बसणं सोडलं.

पिराजी पुन्हा गावात राहायला आला आहे. रानं उघडली. वाटेत भेटतो तेव्हा तो मला राम राम घालत नाही. सुरुवातीला मला आतून फार वाटायचं, एकदा तरी घालावा, मग मी मोकळा होईन. मी देवाकडे तेही मागत होतो. मग एका सकाळी समोरून त्याचा कळप आला, सगळी वाट भरून. पिराजी माझ्यासाठी मेंढरं बाजूला घ्यायला लागला. मी हातानं खूण केली, राहू दे, आणि मीच वाटेच्या कडेला तुरीला लागून उभा राहिलो. मेंढरं माझ्या पायांना घासून जात होती. धूळ उडत होती. मी काही मागितलं नाही. सगळ्यांत मागे राहिलेलं एक लहानसं कोकरू धडपडत पुढे जाईपर्यंत मी हात जोडून तिथेच उभा होतो.